डिंभ, प्रवाह आणि एक खोटा निकाल : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

आज फक्त प्रश्न लिहून ठेवते.

बार्नॅकल (कवचात राहणारा छोटा सागरी जीव) एकदा खडकाला चिकटलं की मरेपर्यंत तिथून हलत नाही. त्याची पिल्लं मात्र सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात तरंगत असतात. कालवं, शिंपले, खेकडे, सागरी अर्चिन, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा. इतके दिवस वाहत्या पाण्यात काढल्यावर ती पुन्हा किनाऱ्याला लागतात कशी?

पाटीवरचं गणित. प्रवाह सेकंदाला १० सेंमी धरला. हा काही फार नाही, आपण रमतगमत चाललो तरी याच्या दहापट वेगाने चालतो. पण १० सेंमीने दिवसाला ८.६ किमी होतात, तीन आठवड्यांत १८० किमी. डिंभाचं, म्हणजे या पिल्लाचं, पोहणं सेकंदाला एखाद-दोन मिलिमीटर, फार तर काही मिलिमीटर. आडव्या दिशेने त्याने कितीही हातपाय मारले तरी प्रवाहापुढे त्याचं काही चालायचं नाही.

उभ्या दिशेचा हिशोब वेगळा. सेकंदाला १ मिमी वेगाने २० मीटर खोली साडेपाच तासांत पार होते. वरचं पाणी एकीकडे आणि खालचं दुसरीकडे जात असेल, तर खाली-वर करणं म्हणजे गाडी बदलणं. या वाक्याखाली रेघ मारली आहे.

डिंभ पाण्याबरोबर कुठे जातात ते दाखवणारं संगणकी मॉडेल करायचं आहे; पायथनमध्ये, सगळं स्वतः लिहिणार. तयार सॉफ्टवेअर आहेत, पण मला आतले खिळे-स्क्रू बघायचे आहेत. किनारा कागदी: सरळ उत्तर-दक्षिण, समुद्र पश्चिमेला, अक्षांश ४३ उत्तर. मध्ये एक भूशीर, म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, घातलं आहे.

१० जानेवारी

शब्दांची भानगड आधी मिटवते. लार्व्हाला ‘अळी’ म्हटलं की पानावरची अळी डोळ्यांसमोर येते, म्हणून ‘डिंभ’. दुसरी अडचण जास्त गमतीची. डिंभ तळाला बसून, जगून, मोठ्यांच्या संख्येत मिळाला की त्याला ‘भरती’ (इंग्रजीत रिक्रूटमेंट) म्हणायचा मोह होतो. आणि समुद्राची भरती तर आहेच. कालच्या टिपणात मीच लिहिलं होतं: ‘भरतीच्या वेळी भरती वाढते का ते पाहणे.’ आज वाचताना मलाच कळेना.

आता ठरलं. भरती म्हणजे फक्त पाण्याची. डिंभाने जागा पकडली की ‘बसला’. बसून काही आठवड्यांनीही जिवंत दिसला तर ‘टिकला’. हे दोन आकडे वेगळे ठेवायचे, कारण महिन्याने खडकावर जाऊन मोजणाऱ्याला फक्त टिकलेले दिसतात. बसून दुसऱ्या दिवशी उन्हाने वाळलेले, गोगलगायींनी खरवडून नेलेले कुठल्याच यादीत येत नाहीत.

१५ जानेवारी

मॉडेलमध्ये वारा घातला.

नॉर्वेचा शोधक नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज १८९३ ते १८९६ या काळात आर्क्टिकच्या बर्फात अडकून त्याच्याबरोबर वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे त्याने टिपलं. स्वीडिश शास्त्रज्ञ एकमनने त्याचं गणित मांडलं ते १९०५ मध्ये. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थराची एकूण वाहतूक वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे होते. माझ्या किनाऱ्यावर वारा उत्तरेकडून येतो, म्हणजे वरचं पाणी पश्चिमेला, खोल समुद्राकडे. रिकामी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी किनाऱ्याकडे सरकतं आणि वर येतं. हेच अपवेलिंग.

आकडे घालून पाहिले. वाऱ्याचा ताण चौरस मीटरला ०.१ न्यूटन धरला तर किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे सेकंदाला जवळजवळ एक घनमीटर पाणी बाहेर जातं. ते २० मीटर जाडीच्या थरात वाटलं की वेग ५ सेंमी, म्हणजे दिवसाला चार किमीहून थोडा जास्त. वरच्या थरात अडकलेला डिंभ आठवडाभरात तीस किमी बाहेर. खालच्या थरातला किनाऱ्याच्या दिशेने. आठ तारखेची गाडी मिळाली.

२२ जानेवारी

पहिला रन. भूशिराच्या आडोशाला एक भोवरा आहे, त्रिज्या २ किमी, वेग सेकंदाला २० सेंमी. अशा आडोशात डिंभ साचून राहतात, असं पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी उपसागराच्या उत्तर भागाला तर ‘अपवेलिंगची सावली’ असंच नाव पडलं आहे. तिथलं पाणी बाहेरच्यापेक्षा उबदार आणि रेंगाळणारं असतं.

माझ्या भोवऱ्यात काहीही साचत नाही. हजार कण (मॉडेलमधले डिंभ) सोडले, दिवसभरात भोवरा साफ.

२३ जानेवारी

सापडलं, आणि चूक अगदी शाळकरी निघाली. मी प्रत्येक तासाला कणाचा वेग बघून त्याला तासभर सरळ रेषेत ढकलत होते. गोल फिरणाऱ्या वस्तूला सरळ ढकललं की ती गोफणीतल्या दगडासारखी जरा बाहेर पडते. किती, ते काढलं: माझ्या भोवऱ्यात दर तासाला त्रिज्या ६ टक्क्यांनी वाढते. चक्रवाढ व्याज लावलं की बारा तासांत दुप्पट! भोवऱ्याची एक फेरी पूर्ण व्हायला साडेसतरा तास लागतात, म्हणजे बिचारा कण एक प्रदक्षिणासुद्धा न घालता बाहेर.

पावलाची लांबी पाच मिनिटांवर आणली तरी दिवसाला १४ टक्के गळती राहतेच. शेवटी चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत लावली; ती एकाच पावलात वेग चारदा तपासते. आता कण शहाण्यासारखे गोल फिरतात.

३० जानेवारी

दिवसभर वाचन. या विषयातला एक गाजलेला विचार रफगार्डन आणि सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास मांडला: मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वारा जोरात असताना बार्नॅकलचे डिंभ बाहेर ढकलले जातात, आणि वारा पडला की तेच उबदार पाणी डिंभांसकट किनाऱ्याकडे मागे येतं. १९९१ च्या निबंधात त्यांनी बसणाऱ्या बार्नॅकलच्या लाटा आणि वारा पडण्याच्या वेळा जोडून दाखवल्या. याने एक जुनं कोडं सुटत होतं. एकाच जातीचे खडक, एकाच उंचीवर, पण एकीकडे बोट ठेवायला जागा नाही आणि दुसरीकडे खडक उघडा. खडकावर जागेसाठी चालणारी मारामारी तपासून त्याचं उत्तर मिळत नव्हतं, कारण काही ठिकाणी मारामारी करायला कोणी पोहोचतच नव्हतं.

मॉडेलमध्ये आता सात दिवस वारा, तीन दिवस शांत, असं चक्र.

५ फेब्रुवारी

आज घुसळण घातली आणि निकाल बघून खुर्चीतून उठले.

पाणी नुसतं वाहत नाही, ते खाली-वर ढवळलंही जातं. वरच्या वीस मीटरांत वाऱ्यामुळे जोरात, त्याखाली तापमान एकदम उतरतं तिथे जवळजवळ नाहीच. प्रत्येक कणाला दर पावलाला वर किंवा खाली एक यदृच्छ (रँडम) धक्का दिला. घुसळणीचा गुणांक, म्हणजे ती किती जोरात आहे तो आकडा, मोठा तिथे धक्का मोठा, लहान तिथे छोटा.

आणि कण परत यायला लागले! पोहणं नाही, प्रकाशाची जाण नाही, काही नाही. निव्वळ निर्जीव कण हळूहळू खालच्या थरात गोळा होतात आणि तो थर त्यांना किनाऱ्याला आणून सोडतो. म्हणजे डिंभांच्या वागण्याची गरजच नाही, समुद्रच सगळं करतो. रात्री दोन वाजेपर्यंत आकृत्या रंगवत बसले.

६ फेब्रुवारी

माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवलं. त्यांनी आकृती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ‘‘हे खाली का जमतायत?’’

मी म्हटलं, खाली शांत आहे ना, म्हणून.

‘‘चहात साखर ढवळलीस आणि कपाच्या तळाशी कमी ढवळलं गेलं, तर विरघळलेली साखर वरून उठून तळाशी जमते का?’’

जमत नाही. मी गप्प.

‘‘आडवा प्रवाह बंद कर. नुसती घुसळण ठेव. कण वरपासून खालपर्यंत सारखे पसरून सोड, आणि ये मग.’’

७ फेब्रुवारी

प्रवाह बंद. ५० मीटर खोल पाण्याचा एकच खांब, दहा हजार कण सारखे पसरलेले. नियम साधा आहे: जे आधीच सारखं मिसळलेलं आहे ते ढवळून वेगवेगळं होऊ शकत नाही. दोन दिवसांनीही ते सारखंच दिसायला हवं.

दिसलं नाही. वरचा थर विरळ, खाली दाटी.

कारण कागदावर चार चौकोन काढल्यावर उमगलं. वरच्या थरात कण लांब ढांगा टाकतो, म्हणून तिथून लवकर बाहेर पडतो. खालच्या थरात शिरला की पावलं मुंगीची होतात आणि तो तिथेच घुटमळतो. येणारे जास्त, जाणारे कमी. खऱ्या पाण्यात असं होत नाही, कारण खरं पाणी अशा ढांगा टाकत नाही. एक लोट खाली गेला की तेवढंच पाणी वर येतं.

ही चूक इतकी नेहमीची आहे की व्हिसरने १९९७ मध्ये तिच्यावर अख्खा निबंध लिहिला. त्यात उपायही आहे. घुसळणीचा गुणांक खोलीबरोबर ज्या दराने बदलतो, तेवढी एक ठरावीक ओढ कणाला जास्त घुसळणीच्या बाजूला द्यायची. आणि यदृच्छ धक्क्यासाठी गुणांक कणाच्या जागी न मोजता त्या ओढीच्या अर्ध्या अंतरावर मोजायचा. हे दोन्ही माझ्या कोडमध्ये नव्हतं. माझे निर्जीव कण ‘शहाणपणाने’ खाली जात होते ते मी समीकरणात गाळलेल्या एका पदामुळे.

दोन वाजता रंगवलेल्या आकृत्या ‘खोटा निकाल’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या. पुसल्या नाहीत.

९ फेब्रुवारी

दुरुस्ती एका फटक्यात जमली नाही. माझ्या गुणांकाला वीस मीटरवर एकदम पायरी होती; पायरीवर बदलाचा दर काढायचा म्हणजे भिंतीचा चढ मोजणं. तो उतार गुळगुळीत केला, उभ्या दिशेचं पाऊल सहा सेकंदांवर आणलं. आता खांब दोन दिवसांनीही सारखा राहतो. रन दहापट हळू झाला आहे, पंखा लावून बसते.

मग प्रवाह पुन्हा सुरू. कण वरही जातात, खालीही येतात, परत येणाऱ्यांची गर्दी गेली. निर्जीव डिंभ बहुतेक समुद्रातच राहतो.

१४ फेब्रुवारी

पडद्यावरचे ठिपके बघून कंटाळा आला म्हणून शेजारच्या लॅबमध्ये गेले. मैत्रीण बार्नॅकल वाढवते. तिने पेट्री डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि म्हणाली, ‘‘बघ तुझे कण.’’

बार्नॅकलचा डिंभ आधी सहा वेळा रूप पालटतो आणि मग सायप्रिड होतो. हे रूप फक्त जागा शोधण्यासाठीच. ते खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतं; तेलाचे थेंब आरपार दिसत होते. आकार मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, दोन शिंपल्यांच्या पेटीत बंद केलेला जीव. पुढून दोन स्पर्शिका बाहेर आल्या. एकीच्या टोकाची चकती काचेला टेकवली, मग दुसरी, मग पहिली उचलली. सरळ चालत होतं! चार पावलं, थांबलं, जागेवर गोल फिरलं, परत दोन पावलं. मग जागा पसंत न पडल्यासारखं सुटून पाण्यात निघून गेलं. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस असाच नळ सोडून बघतो, खिडकी उघडून बघतो आणि ‘कळवतो’ म्हणून जातो.

चकतीमागे प्रथिनांचा ठसा राहतो, आणि तो ठसा दुसऱ्या सायप्रिडला ‘इथे कोणी येऊन गेलं’ हे सांगतो. आपल्याच जातीच्या मोठ्यांजवळ बसण्याची ही ओढ नाइट-जोन्सने १९५३ मध्येच दाखवली होती. यात तर्क आहे. जो एकदा सिमेंट ओतून बसला त्याला पुन्हा उठता येत नाही, आणि जोडीदार हाताच्या, खरं तर शिश्नाच्या, अंतरावर हवा. मोठे जिवंत आहेत म्हणजे जागा राहण्याजोगी आहे, ही दुसरी खात्री.

पाण्यात विरघळलेला वासही चालतो. हवाई बेटांवर फेस्टिला सिबोगी नावाची सागरी गोगलगाय विशिष्ट प्रवाळ खाते. तिच्या डिंभाला त्या प्रवाळाचा वास लागला की ते पोहणं थांबवून दगडासारखं बुडू लागतं, वासाच्या पट्ट्यातून बाहेर पडलं की पुन्हा पोहू लागतं. जांभळ्या सागरी अर्चिनवर तर २०१३ मध्ये असं दिसलं की फुटणाऱ्या लाटांसारखी जोरदार खळबळ थोडा वेळ मिळाली की डिंभ बसायला लवकर तयार होतो. खडकाळ किनारा जवळ आला हे त्याला पाण्याच्या मारानेच कळतं!

माझ्या मॉडेलमध्ये डिंभ म्हणजे तीन आकडे आहेत. क्ष, य आणि खोली.

२० फेब्रुवारी

वागणं घातलं. पहिला नियम एवढाच: लहान असताना कुठेही, मोठा झाल्यावर खाली पोहा, सेकंदाला १ मिमी.

आधी हे पोहणं घुसळणीपुढे टिकेल का ते पाहिलं. वरच्या थरात गुणांक सेकंदाला ०.०१ चौ. मी. धरला तर वीस मीटर थर ढवळून निघायला अकरा तास लागतात. त्याच वीस मीटरांना पोहून साडेपाच. म्हणजे वारा असतानाही पोहणं जिंकतं, पण जेमतेम. पुष्कळ डिंभ पुन्हा वर फेकले जातात. थर ओलांडून एकदा खाली पोहोचला की मात्र घुसळण नगण्य, तिथे राहणं सोपं.

निकाल: खाली जाणारे परत येतात. वारा पडण्याची वाटही पाहत नाहीत, अपवेलिंग चालू असतानाच खालच्या पाण्याबरोबर येत राहतात. वर राहणारे मात्र वारा पडला तरच, आणि त्यातलेही जे फार लांब गेले नाहीत तेच. हे २००९ च्या त्या कामाशी जुळतं, ज्यात उत्तर कॅलिफोर्नियाच्या ऐन अपवेलिंगच्या पट्ट्यात जाळी टाकून पाहिलं तर बहुतेक किनारी कवचधारींचे डिंभ किनाऱ्यापासून काही किलोमीटरांच्या आतच सापडले. बाहेर वाहून गेलेच नव्हते.

२७ फेब्रुवारी

शेवटच्या मैलाचं काय?

मॉडेलने समुद्राचे जे चौकोन पाडले आहेत, त्यातला प्रत्येक १ किमीचा आहे. म्हणजे मॉडेल ज्याला ‘पोहोचला’ म्हणतं तो डिंभ खडकापासून अजून शेकडो मीटर दूर असू शकतो, आणि त्याच्यासाठी तेच अंतर सगळ्यात कठीण. किनाऱ्याला लागून पाणी घर्षणामुळे मंदावतं. तो चिकट पट्टा आत असलेल्याला धरून ठेवतो आणि बाहेरून येणाऱ्याला अडवतो.

तो ओलांडून देणारे हमाल वेगळेच आहेत. पाण्याच्या पोटात, उबदार आणि थंड थरांच्या सीमेवर, अंतर्गत लाटा चालतात. वरून त्या लाटा दिसत नाहीत, दिसतात ते किनाऱ्याला समांतर गुळगुळीत, तेलकट पट्टे. शॅंक्सने १९८३ मध्ये दाखवलं की डिंभ त्या पट्ट्यांत गोळा होऊन लाटेबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. पिनेदाने १९९१ मध्ये दुसरा प्रकार मांडला: या लाटा उथळ पाण्यात फुटतात तेव्हा थंड पाण्याची जीभ तळाशी घुसते, मग उबदार पाणी वरून मागे येतं आणि त्याच्या तोंडाशी डिंभ जमलेले असतात.

म्हणजे शेवटच्या टप्प्यात वर राहण्यातच फायदा असू शकतो. वीस तारखेचा ‘मोठा झाल्यावर खाली पोहा’ हा नियम इथे उलटा पडतो. माझ्या मॉडेलमध्ये यातलं काहीच नाही, आणि १ किमीच्या चौकोनात ते घालताही येणार नाही. आकृत्यांवर ‘पोहोचला’ पुसून ‘दारापर्यंत आला’ लिहिलं.

४ मार्च

मृत्यू घातला. रोज दहा टक्के मरतात असं धरलं, तीन आठवड्यांनी शंभरातले अकरा उरतात. यामुळे नकाशाचं रूप बदललं: लांबची फेरी मारून उशिरा येणारे जवळजवळ नाहीसे झाले, जवळच्या जवळ घोटाळणारे उरले.

११ मार्च

आज दोन आकृत्या शेजारी ठेवल्या. एक ‘खोटा निकाल’ फोल्डरमधली, दुसरी वीस फेब्रुवारीची. एकीत कण माझ्या चुकीने खाली जमले, दुसरीत डिंभ पोहून खाली गेले. किनाऱ्यावरचं चित्र जवळजवळ सारखंच. मैत्रिणीला नावं झाकून दाखवली, तिला ओळखता आलं नाही. एका आठवड्यानंतर मलाही आलं नसतं.

मॅडम म्हणाल्या, ‘‘मग किनाऱ्यावर मोजून काय उपयोग?’’

किनाऱ्यावर मोजायचंच आहे, पण त्याने हा तंटा सुटणार नाही. फरक मधल्या वाटेवर आहे. चुकीच्या कोडमधले कण लहान-मोठे सगळे सारखेच खाली होते. पोहणाऱ्यांत वयाप्रमाणे खोली बदलते, कोवळे पसरलेले आणि मोठे खाली. पाण्यात जाऊन हेच पाहावं लागेल: कुठल्या खोलीवर कुठल्या वयाचे.

ठरलेलं असं. पंपाने पाणी उपसून गाळायचं, ५, १५, २५ आणि ३५ मीटरवर, वारा असताना आणि पडल्यावर. सायप्रिड आणि आधीची सहा रूपं वेगळी मोजायची. दिवस-रात्र दोन्ही, कारण उजेडात खाली आणि अंधारात वर जाणारे पुष्कळ. डिंभांना बसायला खडकावर लावायच्या पाट्या खडबडीतच घ्यायच्या, आणि रोज बदलायच्या, म्हणजे बसलेले आणि टिकलेले मिसळणार नाहीत.

पंपाची नळी ४० मीटर लागेल. लॅबमध्ये आहे ती ३०.